नवीन कन्सोल आलं की आपला पीसी म्हातारा का होतोय?

रंकाळाकाठ: भावांनो, राजारामपुरीत २०२० च्या सुरवातीला पीसी जोडून घेतलेला, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६५० (त्याची स्वतःची मेमरी ४ जीबी), रॅम ८ जीबी, गेम साठवायला हार्ड डिस्क. तीन वर्षं सगळं मस्त पळत होतं आणि आता नवीन गेम लावला की भिंतीवरचं टेक्श्चर (पृष्ठभागाचं चित्र) चिखलासारखं दिसतंय, दार उघडलं की गेम दोन सेकंद गप्प. कन्सोलचा ह्याच्याशी काय संबंध?

आठ_कोर: लई संबंध हाय. पीएस४, म्हणजे सोनीचा प्लेस्टेशन ४ कन्सोल, २०१३ चा, त्यात ८ जीबी मेमरी, प्रोसेसरचे मंद कोर आणि हार्ड डिस्क. बरेच मोठे गेम त्यातपण बसले पाहिजेत म्हणून बनायचे, म्हणून तुझं कार्ड निवांत होतं. नोव्हेंबर २०२० ला पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स आले, १६ जीबी मेमरी, एएमडीच्या झेन २ प्रोसेसरचे आठ जलद कोर आणि एनव्हीएमई एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा लई जलद साठवण. पहिली दोन-तीन वर्षं गेम जुन्या-नव्या दोन्हीवर यायचे, जुन्याला सोडलं तसा गेमला लागणारा पीसीचा मिनिमम एकदम वर गेला. ते दार उघडल्यावर अडकतंय ना, ती बहुतेक हार्ड डिस्कच, स्टारफील्ड गेमनं तर एसएसडी सक्तीच केली.

रंकाळाकाठ: मग कार्ड बदलू का?

शाहूपुरीकर: आधी एसएसडी आणि १६ रॅम घे, कमी पैशात लगेच फरक. टेक्श्चर कार्डच्या मेमरीत बसतात, म्हणून कार्ड घेशील तेव्हा ८ जीबी मेमरीच्या खाली अजिबात नको आणि रे ट्रेसिंगवालंच (प्रकाश-सावली खऱ्यासारखी मोजणारं) बघ, इंडियाना जोन्सचा २०२४ चा गेम त्याशिवाय चालूच होत नाही. मी दुकानदाराचं ऐकून ४ जीबीचं घेतलेलं, वर्षात विकावं लागलं, अजून जीव तुटतोय.