मदत हवी आहे: बेडरूमच्या भिंतीला बुरशी, मुलाला दमा (नेरूळ)

जुनी सिडको इमारत, वरचा मजला, पश्चिमेची भिंत. कपाट सरकवलं की मागे काळपट-हिरवे ठिपके, पुट्टीचे पोपडे, आणि नखाने खरवडलं तर ओलं प्लास्टर हाती येतं. हायग्रोमीटर खोलीतली आर्द्रता ७८ ते ८२ टक्के दाखवतो. ६० च्या वर बुरशीला रान मोकळंच. मुलगा आठ वर्षांचा, दमा आहे, रात्रीचा खोकला त्याच खोलीत वाढतो.

पहिला प्रश्न तपासणीचा. त्याला रोज सेटिरिझिन (ॲलर्जीची गोळी/औषध) चालू आहे. त्वचेवरच्या ॲलर्जी चाचणीआधी ते काही दिवस बंद ठेवावं लागतं, नाहीतर निकाल खोटा निगेटिव्ह येतो. रक्तातून ॲस्परजिलस आणि अल्टरनेरिया या बुरशींचं आयजीई (ॲलर्जी दाखवणारं प्रतिपिंड) तपासलं तर औषध थांबवावं लागत नाही. ऐन पावसाळ्यात औषध तोडायची भीती वाटते. मुलांसाठी ही रक्तचाचणी वाशी-नेरूळकडे कुठे होते? सोबत एकूण आयजीई आणि स्पायरोमेट्री (फुंकर मारून करायची फुफ्फुसांची चाचणी) करायला सांगावी का?

दुसरं, बाहेरच्या भिंतीच्या भेगा भरून देणारा खात्रीचा माणूस हवा. आतून रंग मारा म्हणणारे नकोत. ओल तशीच राहिली की बुरशी रंगातून पुन्हा वर येते.

भिंत सुकेपर्यंत १२० चौरस फुटांच्या खोलीला किती लिटरचा डिह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) पुरतो? वापरणाऱ्यांनी विजेच्या बिलासकट सांगा. आणि कृपया ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर मिसळायचा उपाय कुणी सुचवू नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.