डेल्टा सेफेई मोजायचाय, हातातला कॅमेरा चालेल का?

सांजतारा: माझ्याकडे साधा डीएसएलआर, किट लेन्स, ट्रायपॉड आणि 10×50 दुर्बीण आहे. डेल्टा सेफेई किंवा अल्गोल या रूपविकारी (तेज कमीजास्त होणाऱ्या) ताऱ्याचा तेजवक्र, म्हणजे वेळेनुसार तेजाचा आलेख, स्वतः काढायचाय. नवीन काही घेणार नाही, बजेट शून्य. सुरुवात कशी करू?

लांबपल्ला: कूल्ड सीमॉस कॅमेरा, व्ही फिल्टर (तेज मोजायचा प्रमाणित हिरवट-पिवळा फिल्टर) आणि ताऱ्यांबरोबर फिरणारं इक्वेटोरियल माउंट घ्या. मी तेच घेतलं. आरआर लायरी हा रूपविकारी तारा तेज चढताना एका रात्रीत पकडलाय. डीएसएलआरवर घालवलेल्या वर्षाचं अजून वाईट वाटतं.

सांजतारा: बजेट शून्य लिहिलंय हो.

हंसपुच्छ: आहे तो कॅमेरा चालतो, फक्त रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. मी आख्खा हिवाळा जेपेगमध्ये घालवला. कॅमेऱ्याने उजळ तारे आपल्या मनाने दाबून टाकले, वक्र हाती लागलाच नाही. फोकस जरा बिघडवा, म्हणजे तारा बऱ्याच पिक्सेलवर पसरतो आणि मधले पिक्सेल भरून जात नाहीत. मोजताना हिरवा चॅनेल तेवढा घ्या, व्ही फिल्टरला तोच सर्वात जवळचा. दहा-बारा फोटोंची सरासरी काढा.

मृगाजिन: अल्गोलच घ्या. 2.1 वरून 3.4 प्रतीपर्यंत उतरतो (प्रतीचा आकडा मोठा तितका तारा मंद), जोडीदार त्याला झाकतो ते ग्रहण जवळपास 10 तास चालतं, 2.867 दिवसांनी पुन्हा तेच. गुडरिक या इंग्रज निरीक्षकाने 1783 साली त्याचा आवर्तकाळ नुसत्या डोळ्यांनी बघून मांडला होता!

लांबपल्ला: अल्गोल ज्यात आहे तो ययाती तारकासमूह सध्या रात्री उशिरा वर येतो. झोपमोड होईल. माउंटचं मनावर घ्या.

निजगती: डेल्टा सेफेई स्वतःच जोडतारा आहे, हे कुणीच कसं बोलत नाही? 41 विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) 6.3 प्रतीचा सोबती आहे. किट लेन्सवर, त्यात फोकस बिघडवल्यावर, दोघे एकाच ठिपक्यात जातात. डेल्टा 4.4 वर असताना ठिपका 0.17 प्रतीने जास्त उजळ भरतो, 3.5 वर असताना जेमतेम 0.08 ने. वक्र तेवढा बुटका होतो. सोबत्याचं तेज वजा करा, पण प्रतीतून प्रत वजा करू नका. आधी दोन्ही तेजाच्या प्रमाणात आणा, मग वजाबाकी.

मृगाजिन: जोडताऱ्यांचं निघालंच आहे तर, हंसातला अल्बिरिओ खरी जोडी नाहीच. गाया अंतराळ दुर्बिणीने दोघांच्या निजगती (आकाशातली स्वतःची सरक) वेगळ्या दाखवल्यात.

निजगती: एवढ्यावर निकाल लागत नाही. त्यातल्या ठळक ताऱ्याला स्वतःचा जवळचा जोडीदार आहे, त्याने मोजमाप हलतं.

हंसपुच्छ: अल्बिरिओचा वेगळा धागा काढा. आणि रॉ विसरू नका.

रातराणी: डोळ्यांनी करा, मी वर्षानुवर्षं तसंच करते. झीटा सेफेई 3.4, एप्सिलॉन 4.2, दोन्ही डेल्टाच्या शेजारीच. डेल्टा बरोबर मधोमध वाटला तर 3.8 लिहायचं. झीटा नारंगी आहे, त्याच्यावर नजर रोखू नका. तांबूस तारा जितका वेळ बघाल तितका उजळ भासतो. एएव्हीएसओ या रूपविकारी तारे बघणाऱ्यांच्या अमेरिकी संस्थेच्या नकाशात 34, 42 असे आकडे दिसतील. टिंब तारा समजला जाऊ नये म्हणून दशांशचिन्ह गाळतात.

सांजतारा: सगळ्यांचे मनापासून आभार. डेल्टा नको आणि अल्गोलही नको, गरुडातला ईटा घेतलाय. तोही डेल्टासारखा सेफिड (ठरावीक काळाने फुगणारा-आकसणारा तारा), 3.5 ते 4.4, आवर्तकाळ 7.18 दिवस. संध्याकाळीच उंच असतो, रोज एक नोंद पुरेल. कॅमेरा सध्या बॅगेतच. काल गरुडातल्याच बीटापेक्षा (3.7) थोडा मंद, आयोटापेक्षा (4.4) बराच ठळक दिसला. 3.9 लिहिलंय.

निजगती: वेळ लिहिली का?

सांजतारा: 21:40.