मंगळावरचं हेलिकॉप्टर कशामुळे पडलं?

मामा: नासाच्या इंजेन्युइटी हेलिकॉप्टरबद्दल आत्ता वाचलं. मंगळावरची हवा इतकी विरळ, म्हणूनच पडलं ना ते शेवटी?

ताई: नाही मामा, हवेचं गणित पक्कं होतं. घनता आपल्या हवेच्या जेमतेम १ टक्का, म्हणून वजन फक्त १.८ किलो आणि पाती मिनिटाला सुमारे २,५०० फेरे घेणारी. १९ एप्रिल २०२१ ला पहिल्यांदा उडालं. ठरवलेली उड्डाणं ५, झाली ७२! ते पडलं खालचं नीट दिसेना म्हणून.

मावशी: दिसेना म्हणजे? इथून कुणी चालवत नव्हतं का?

ताई: नाही ना मावशी. सिग्नल पोचायलाच कित्येक मिनिटं लागतात, तोवर उड्डाण आटोपलेलं असतं. जीपीएसही नाही. पोटाखालचा कॅमेरा सारखे फोटो काढायचा आणि कुठला दगड किती सरकला, यावरून ते स्वतःचा वेग ओळखायचं. खडकाळ भागात हे छान जमलं. शेवटी मात्र खाली वाळूच्या लाटा होत्या, नजर ठरेल अशी खूणच नाही. १८ जानेवारी २०२४ ला उतरताना आडवा वेग आवरला नाही, उतारावर आदळलं आणि त्या झटक्याने चारही पाती टोकांकडे मोडली. मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

दादा: मग चाकांवर फिरणारे रोव्हरच बरे की. उपकरणं तरी नेतात.

ताई: मंगळावर उपकरणांच्या बाबतीत तुझं बरोबर आहे, इंजेन्युइटी ही चाचणीच होती. पण शनीच्या टायटन या चंद्रावर उलटं आहे. तिथली हवा आपल्यापेक्षा चौपट दाट आणि गुरुत्वाकर्षण सातवा हिस्सा. म्हणून तिथे जाणारं नासाचं उडतं यान ड्रॅगनफ्लाय चक्क मोटारीएवढं आहे, आठ रोटरचं, उपकरणांसकट. ऊन पुरेसं नाही, म्हणून अणुऊर्जेची बॅटरी. २०२८ मध्ये निघायचं, २०३४ मध्ये पोचायचं.

मामा: आणि उतरणार कुठे?

ताई: वाळूच्या टेकड्यांमध्येच!

मावशी: अगं बाई! म्हणजे पुन्हा तेच?

ताई: म्हणूनच तर नुसत्या कॅमेऱ्यावर भिस्त नाही, लेझरने अंतर मोजणारं लायडारही असणार आहे. शिवाय पुढची जागा आधी वरून पाहून यायची, न उतरता मागे फिरायचं आणि त्याआधी तपासून ठेवलेल्या जागीच टेकायचं, अशी योजना आहे. सिग्नलला एका बाजूनेच तासाहून जास्त लागतो, त्यामुळे तिथेही सगळं त्याचं त्यालाच पाहावं लागणार.