चंद्रताल : बाबांना थेट मनालीवरून न्यावं का?

रंकाळ्याचा वारा : ऑगस्टअखेर कोल्हापुरातून आम्ही चौघं हिमाचलातल्या चंद्रताल तलावाला निघालोय. बाबा ६१ वर्षांचे, बीपीची गोळी चालू. दरवर्षी पन्हाळा ते पावनखिंड चालतात, दम लागत नाही. मनालीत एक रात्र काढून दुसऱ्या दिवशी तलावाजवळच्या तंबूत मुक्काम, असं गाडीवाला म्हणतोय. जमेल ना?

मंगळवार पेठेतली : दादा, कळकळीनं सांगते, हा बेत बदला. मनाली २,००० मीटरच्या आसपास, चंद्रताल जवळजवळ ४,३००. आपला पन्हाळा हजाराच्याही आत. तिथं दमसास कामाला येत नाही. हवेचा दाब कमी, त्यामुळं प्रत्येक श्वासात समुद्रकाठच्या साधारण साठ टक्केच ऑक्सिजन मिळतो.

आमचे हे रोज तालमीत घाम गाळणारे. आम्हीही असंच एका दिवसात चढलो. संध्याकाळी भडंगाचं पाकीट उशीसारखं टम्म फुगलेलं बघून पोरं हसत होती, आणि हे डोकं धरून बसलेले. रात्रभर उलट्या. आडवं झालं की श्वास अडकायचा, म्हणून पाठीला पाठ लावून मी बसून राहिले. उजाडताच गाडी खाली काढली. छत्रूला पोचल्यावर यांनी चहा मागितला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. तलाव बघितलाच नाही.

पुढच्या वर्षी सिमल्याकडून टप्प्याटप्प्यानं चढत गेलो. कल्पा, ताबो, मग काझात तीन रात्री, आणि शेवटी कुंझुम खिंड ओलांडून चंद्रताल. कुणाचं डोकंही दुखलं नाही. गाडी थांबते तिथून थोडं चालावं लागतं. काठावर तंबू लावू देत नाहीत, ते अलीकडं काही किलोमीटरवर असतात, आणि हे लई बरं आहे. पाण्यातला दगडन् दगड दिसतो. ढग सरकला की निळ्याचं हिरवं होतं. हे अर्धा तास एक शब्द बोलले नाहीत.

सह्यकडा : ताईंशी सहमत. सप्टेंबर बघा, पावसात सिमल्याच्या वाटेवर किन्नौरकडं दरडी येतात. कुंझुम उतरल्यावर बातल लागतं, तिथून तलाव १४ किलोमीटर, रस्ता खडकाळ. दुपारी बर्फ वितळून नाल्यांना पाणी वाढतं, तेव्हा सकाळी लवकर निघा.

रंकाळ्याचा वारा : ताई, गाडीवाल्याला आत्ताच नाही म्हणून कळवलं. सप्टेंबरात सिमल्याकडूनच जाऊ. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ती गोळी बाबांना आधीपासून द्यावी का?

मंगळवार पेठेतली : ते बीपीच्या डॉक्टरांनाच विचारा, आमच्या सांगण्यावर देऊ नका. आणि काझात बाबांचं डोकं दुखलं, तर ते थांबेपर्यंत वर चढू नका. डोकेदुखीची गोळी घेऊन दुखणं दाबलं, म्हणजे ते गेलं असं नाही.