समुद्रातल्या बोटींमधून निरोप पोचवायचे आहेत, लोरा रेडिओवर राउटिंग कोणतं घ्यावं?

हर्णैकर
बंदरातल्या काही बोटींवर लोरा (कमी विजेवर लांब पोचणारा, पण हळू) रेडिओ बसवायचा विचार आहे. किनारा सुटला की मोबाईलची रेंज जाते. बोट बोटीला भेटली की एकीचे निरोप दुसरीने घ्यायचे, जी आधी बंदराला लागेल तिने पोचवायचे. मजकूर छोटाच: बर्फ, डिझेल, 'उद्या सकाळी येतो'. निरोप कोणामार्फत पुढे जावा हे ठरवायला (राउटिंग) मेशटॅस्टिक हे लोराचं तयार सॉफ्टवेअर पुरेल का? रेडिओने अंतर बघून स्वतःच वेग बदलला तर उत्तम.

साकव
मेशटॅस्टिक चाचणीपुरतं ठीक. निरोप एका रेडिओवरून दुसऱ्यावर अशा तीन उड्या मारतो (वाढवून सात), पण समोर कोणीच नसेल तर वाहून नेत नाही. शिवाय सगळ्यांचा वेग एकच ठेवावा लागतो.

वेग बदलायचा तर स्प्रेडिंग फॅक्टर (सिग्नल किती ताणून पाठवायचा तो आकडा) बदलायचा. १२५ किलोहर्ट्झच्या पट्टारुंदीवर फॅक्टर ७ ला सेकंदाला साधारण साडेपाच हजार बिट जातात, १२ ला तीनशेच्या आत, पण १२ लांबवर पोचतो. गोम अशी की ७ वरचं बोलणं १२ वर ऐकणाऱ्याला कळतच नाही. म्हणून 'मी इथे आहे' ही हाक सगळ्यांनी एका ठरलेल्या फॅक्टरवर द्यावी आणि उत्तराचा सिग्नल बघून दोघांनी वेग ठरवावा. लोरावॅन या लोराच्या नेटवर्क-पद्धतीतला तयार एडीआर (वेग आपोआप बदलणं) नको, तो एका जागी बसलेल्या उपकरणांसाठी आहे. बोट हलते नि डोलतेही.

राउटिंगला 'स्प्रे अँड वेट' घ्या. एका निरोपाच्या चार-पाचच प्रती वाटायच्या. 'एपिडेमिक' नावाच्या राउटिंगमध्ये भेटेल त्याला प्रत मिळते, मग हवेत नुसती गर्दी. आणि वेग नि राउटिंग वेगळं ठेवू नका: लांबून ओझरती भेट असेल तर तातडीचा एकच निरोप, बोट जवळून गेली तर सगळी पोतडी रिकामी.

तांडेलाचा_नातू
'प्रॉफेट' हे राउटिंगही बघा, आरएफसी ६६९३ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आहे. कोण कोणाला वारंवार भेटतं यावरून तो वाहक निवडतो. रोज परतणारी छोटी होडी आपोआप पुढे येते, आठवडाभर बाहेर राहणारा ट्रॉलर मागे. फक्त १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारी बंदीत भेटी थांबून प्रॉफेटची सगळी ओळख पुसट होते, म्हणून नारळी पौर्णिमेच्या सुमारास प्रती वाढवा.

हर्णैकर
मग आधी स्प्रे अँड वेटच. अँटेना कुठे?

देवगडी
बोटीवर डोलकाठीच्या टोकाला, केबिनमध्ये नको. किनाऱ्यावरचा नोड, म्हणजे तिथला रेडिओ, उंच सड्यावर चढवा. १०० मीटर उंचीवरून रेडिओचं क्षितिज ४१ किलोमीटर, चार मीटरच्या अँटेनाचे आठ त्यात मिळवा. हे कागदावरचं, प्रत्यक्षात कमीच धरा. मॉड्यूल ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचं घ्या, ४३३ चं स्वस्त मिळालं तरी नको.

संकटाच्या हाकेसाठी मात्र बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओचा चॅनल १६ राहू द्या. लोरावरचे असे निरोप कधी पोचतील याची हमी नसते, हे तांडेलांना आधीच सांगून ठेवा.