ओठ आणि आवाज सुरुवातीला जुळतात, शेवटी मात्र सात सेकंदांचा फरक पडतो

प्रश्न (जळगाव)

नमस्कार. माझ्या आजीने सांगितलेली एक अहिराणी गोष्ट तिच्याच आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड करून त्या गोष्टीवर मी ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये द्विमितीय ॲनिमेशन करीत आहे. रेकॉर्डिंग ३ मिनिटांचे आहे. आपल्याकडे दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २५ फ्रेम (एकामागून एक दिसणारी चित्रे) धरतात, म्हणून एक्स-शीट (कोणत्या फ्रेमला कोणते चित्र आणि कोणता उच्चार, याचा तक्ता) त्याच हिशेबाने भरून ४५०० फ्रेम पूर्ण केल्या. पहिल्या वाक्याला ओठ नेमके हलतात, पण पुढे चित्र हळूहळू मागे पडते आणि शेवटच्या वाक्याला आवाज सुमारे सात सेकंद आधी संपलेला असतो. आवाज ताणून लांबवावा, असे एकाने सुचवले. परंतु त्यामुळे आजीचा हेल बिघडेल, आणि हे सारे काम तर त्या हेलासाठीच चालले आहे. दुसरा काही उपाय आहे का?

उत्तर (धुळे)

ताई, आवाजाला अजिबात हात लावू नका. फरक सुरुवातीपासून सारखाच असता, तर आवाजाची पट्टी थोडी सरकवून भागले असते. तो वाढत जातो, याचा अर्थ वेगाचा हिशेब दोन ठिकाणी वेगळा आहे. ब्लेंडरमध्ये नवी फाइल उघडली की वेग सेकंदाला २४ फ्रेम असतो. तुमच्या ४५०० फ्रेम २४ च्या वेगाने चालवल्या, तर १८७.५ सेकंद लागतात आणि आवाज मात्र १८० सेकंदांतच संपतो. तुमचे सात सेकंद तिथेच आहेत. आउटपुटच्या सेटिंगमध्ये फ्रेम रेट २५ करा. एकही चित्र नव्याने काढावे लागणार नाही.

उत्तर (अमळनेर)

वरील निदान पटते. त्याला जोडून एवढेच, की टाइमलाइनच्या प्लेबॅकमध्ये ‘सिंक टू ऑडिओ’ निवडा. ‘प्ले एव्हरी फ्रेम’ असताना संगणक दमला की चित्र रेंगाळते आणि नसलेली चूक दिसू लागते. मोबाइलची फाइलही आधी ४८,००० हर्ट्झच्या वेव्ह स्वरूपात बदलून घ्यावी. एमपी३ करताना सुरुवातीला थोडी शांतता भरली जाते आणि तेवढा आवाज मागे सरकतो.

प्रश्नकर्ती

फ्रेम रेट २५ केल्याबरोबर शेवटचे वाक्य जागेवर आले. दोघांचेही मनापासून आभार. आता ‘माय’ या शब्दाला ओठ किंचित उशिरा मिटल्यासारखे वाटतात, तेवढे राहिले आहे.

उत्तर (शहादा)

प, फ, ब, भ, म या अक्षरांना ओठ मिटलेले दिसलेच पाहिजेत. प्रेक्षकाचे लक्ष सर्वांत आधी तिथे जाते. २५ च्या वेगाला एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. ‘म’ ऐकू येतो त्याच्या एक फ्रेम आधी ओठ मिटवा आणि ते दोन फ्रेम तसेच ठेवा. जागा कमी पडली तर आधीच्या स्वराची एक फ्रेम घ्या, ‘म’ची कापू नका. आवाज चित्रामागून आला तर माणसाला फारसे खटकत नाही, चित्राच्या आधी आला तर लगेच खटकते. प्रसारणासाठीच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत हा फरक जाणवण्याची मर्यादा आवाज पुढे असताना सुमारे ४५ आणि मागे असताना सुमारे १२५ मिलिसेकंद दिली आहे, त्यामागे हेच कारण आहे.

आणखी एक विनंती: आजी वाक्य संपवून श्वास घेते, ऐकणाऱ्याच्या हुंकारासाठी थांबते, ती जागा कापू नका. तेथे ओठ स्थिर ठेवून फक्त खांदे आणि पापण्या हलवा.