लिस्बनच्या टाइम आउट मार्केटबद्दल थोडी भर

टाइम आउट मार्केटसारखे चकचकीत फूड हॉल, म्हणजे एकाच छताखाली अनेक खाण्याचे स्टॉल, हा नुसता दिखावा, त्यापेक्षा गल्लीतली खाणावळ बरी, हे मत मला सरसकट पटत नाही. लिस्बनच्या जुन्या रिबेइरा मंडईत २०१४ साली टाइम आउट मार्केट सुरू झालं. मार्लेन व्हिएरासारख्या नावाजलेल्या शेफच्या हातचं तिथे लांब बाकांवर, अनोळखी लोकांच्या शेजारी बसून खाता येतं. घरात एक मासेखाऊ आणि एक शाकाहारी असेल, तर याहून सोयीची जागा नाही.

शाकाहाऱ्यांनी मात्र ‘काल्दो व्हेर्द’ विचारूनच घ्यावं. बटाटा आणि बारीक चिरलेल्या पाल्याचं हिरवंगार सूप दिसतं, पण तळाशी बहुधा शोरिसोची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या सॉसेजची, चकती असते. गोव्याचं चोरीस खाल्लेल्यांना ती ओळखीची वाटेल. तिखटपणा आणि आंबटपणा मात्र बराच कमी.

‘पास्तेल द नाता’ गरम असतानाच खा. वरून काळसर डाग पडलेलं अंड्याचं कस्टर्ड, पापुद्रे सुटणारी पारी, वर दालचिनीची पूड. फारच सुंदर! भाव बाहेरच्यापेक्षा चढे आहेत, हे खरं. दुपारी एकच्या आत पोहोचा, नाहीतर ताट हातात धरून जागा शोधत फिरावं लागतं. आणि सकाळी गेलात तर त्याच इमारतीतली मासळी-भाजीची मंडईही बघून घ्या.